निळीची समजूत

भाचीनं रांजणावरचं झाकण पुन्हा उचललं. नीळ अजून रुसलेलीच होती. फेस नाही, तांबूस झाक नाही, नुसतं गढूळ, मुकं पाणी. तिनं काठीनं ढवळलं, वास घेतला, बोट बुडवून पाहिलं आणि झाकण ठेवून दिलं. थोड्या वेळानं ती परत उघडणार होती. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

"नीळ रुसली" हे या घरातलंच बोलणं. घर रंगाऱ्यांचं. इथली नीळ कधी झोपते, कधी रुसते, आणि मन रमलं की हसते, म्हणजे तांबूस फेसाचं फूल वर येतं. मग कापड बुडवायचं. बाहेर काढताना ते हिरवं असतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. दह्याला विरजण लागतं तसं नव्या रांजणाला जुन्या रांजणातलं पाणी लागतं. आत्याला ते तिच्या आत्यानं दिलं होतं, तिला आणखी कुणी. गल्लीतल्या बाकीच्या रांजणांत आता लोकांनी फुलझाडं लावली होती. जिवंत असा हा एकच. हा मेला की संपलं, बाजारात काही हे पाणी मिळत नव्हतं.

आणि आत्याला हल्ली काही आठवत नसे. माडीवरच्या खोलीत ती खिडकीशी बसून असायची. निळीचं नाव काढलं की पाहुण्यांशी हसावं तशी हसायची. भाचीकडे बघूनही तसंच हसायची, आणि ते भाचीला फार लागायचं.

तशी भाची गाफील नव्हती हं. आत्याचं डोकं ठिकाणावर होतं तेव्हाच तिनं तिचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. संग्रहालयालाही दिलं होतं. आज तिनं ते पुन्हा ऐकलं. कोंडा किती, चुना कधी, सगळं होतं त्यात.

"आणि रुसली तर?" रेकॉर्डिंगमधली भाची विचारत होती.

"रुसली तर काय, समजूत काढायची तिची!" आत्या म्हणाली होती, आणि दोघी खो खो हसल्या होत्या.

मग लगेच पुढचा प्रश्न. कशी काढायची, हे विचारायचं भाचीला सुचलंच नव्हतं. बाहेरच्या कुणी नक्की विचारलं असतं. ही पडली घरचीच.

दुपार कलली तशी ती माडीवर गेली. "आत्या, नीळ मरतेय गं," एवढं म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

नीळ कोण हे आत्याला कळलं नाही. रडणारी पोर मात्र दिसली.

"अगं अगं अगं! ये बघू इकडे." तिनं भाचीला आपल्या पलंगावर आडवं केलं. खिडकी लावून घेतली. अंगावरची शाल काढून तिच्या डोक्यावरून गुरफटली. स्वतःच्या पायांशी असलेली गरम पाण्याची पिशवी तिच्या पायांशी सरकवली. मग उशीखालून, डॉक्टरांच्या नकळत दडवलेल्या गुळातला एक खडा काढून तिच्या तोंडात घातला.

"अगं पण ती—"

"श्श. काही सांगू नकोस. मीही विचारणार नाही. सारखं सारखं विचारलं की रडू वाढतंच."

खोलीत अंधार झाला. तोंडात गूळ विरघळत होता. पायांकडून ऊब हळूहळू वर चढत होती. ही ऊब भाचीच्या ओळखीची होती, फार जुन्या ओळखीची. अर्धवट झोपेत तिला वाटलं, आपण पाणीच आहोत. खोल, गोल, काळोख्या जागी ठेवलेलं पाणी. वर कुणीतरी झाकण घातलंय आणि ते कुणी उघडत नाहीये. किती बरं वाटतंय.

ती दचकून उठली तेव्हा संध्याकाळ होत होती. आत्या खुर्चीत डुलक्या घेत होती. भाचीनं उशीखालचा उरलेला गूळ घेतला आणि धावत खाली गेली. गूळ रांजणात सोडला. बुडाशी कोमट राख लावली. झाकणावर जुनी गोधडी पांघरली. मग रांजणाच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर हात मांडीत धरून बसली. न उघडता बसणं तिला भलतंच जड गेलं.

सकाळी गोधडी उचलली तर रांजणभर तांबूस फूल उमललं होतं. भाची एकटीच मोठ्यानं ओरडली. हातरुमाल बुडवून काही वेळानं वर काढला आणि तसाच ठिबकत घेऊन ती जिना चढली.

आत्या खिडकीशी होती. रुमाल हिरव्याचा निळा होताना ती टक लावून बघत राहिली.

"काल एक पोर आली होती," ती म्हणाली. "फार रडत होती गं बिचारी. हसली का?"

"हसली," भाची कशीबशी म्हणाली.

"हसणारच. एवढीशी होती तेव्हापासून मीच काढतेय तिची समजूत."