दुसऱ्या घरचं पाणी

कौमुदी चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका जाहिरात कंपनीत होती. त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची टंचाई होती आणि तिच्याकडे बाटलीबंद पाण्याची जाहिरात आली. नुसते गुण सांगून बाटल्या खपेनात, तेव्हा तिनं लोकांना घाबरवायचं ठरवलं. 'दुसऱ्या घरचं पाणी पिताना एकदा विचार करा,' ही तिची ओळ तमिळमध्ये शहरभर झळकली आणि बाटल्या हातोहात खपू लागल्या.

तिच्या घरमालकीण गोदाअक्का, तंजावरकडच्या मराठी घरातल्या, दर उन्हाळ्यात फाटकापाशी वाटसरूंसाठी माठ भरून ठेवायच्या. यंदा तो संध्याकाळीही भरलेलाच असायचा.

"लोकांना तहानच लागत नाही वाटतं," अक्का एकदा कौमुदीला म्हणाल्या.

एका दुपारी ती उन्हातून आली आणि फाटकाशीच तिला भोवळ आली. अक्कांनी तिला पायरीवर बसवलं आणि लगबगीनं माठातलं पाणी पुढं केलं. कौमुदीनं पेला घेतला, ओठांपर्यंत नेला आणि ती थबकली.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी पेला अलगद काढून घेतला.

"थांब, बाटली आणते," त्या म्हणाल्या. "हल्ली सगळ्यांचा हात तिथंच थांबतो."