सासूबाईंची साक्ष

"तीनदा पीं वाजतं आणि पडदा काळा तो काळाच!" सून फोनवर म्हणाली.

"वायरी बघितल्यास?" पलीकडून तिच्या भावानं विचारलं. तो दुसऱ्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"सगळ्या काढून परत घातल्या. पंखा फिरतोय."

"मग डबा उघड. पण आधी प्लग काढ बाई, नाहीतर मलाच बोल लागेल."

पलंगावरून सासूबाई टक लावून बघत होत्या. न्हाणीघरात पडल्या, डोक्याला मार बसला, उजवं अंग लुळं झालं आणि वाचा गेली. समज मात्र शाबूत. डॉक्टर म्हणाले होते, "उभा जन्म टायपिस्ट होत्या ना? डावा हात चालतोय, कीबोर्ड द्या समोर." मोबाईलवर बोट भलतीकडेच पडायचं, आणि खुणांचा अर्थ जो तो आपल्या सोयीनं लावायचा. आणि कॉम्प्युटर नेमका त्याच आठवड्यात बसला होता.

सुनेची घाई काही नुसत्या सेवेपोटी नव्हती. सासूबाई पडल्या तेव्हा ती शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. परत येते तर या फरशीवर! पण नणंदेनं गावभर केलं की वहिनीनंच ढकललं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आता तर नणंद पोलिसांत जायच्या गोष्टी करत होती. नवरा मी ऑफिसात होतो एवढंच सांगायचा, हो म्हणेना की नाही म्हणेना. एकदा आईंना बोलू दे, सून मनात म्हणायची, मग बघते एकेकाकडे.

दुरुस्तीचं नाव काढलं की नवरा खेकसायचा. "मेलेलं धूड आहे ते. भंगारात दे. आईला उगाच त्रास!"

म्हणून आज तो ऑफिसला गेल्यावर तिनं स्क्रू सोडवले. आत बोटभर धूळ.

"वीतभर लांब हिरवी पट्टी दिसते? ती रॅम. नीट बसलीय?"

"तिरकी आहे. दोन्ही टोकांच्या क्लिपा उघड्या आहेत."

"क्लिपा आपोआप उघडत नसतात, ताई."

"झाडताना धक्का लागला असेल."

"बंद डब्यात?"

"अरे, वकिली पुरे. पुढचं सांग!"

तिनं पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलकेच घासले, पट्टी खाचेत धरून दाबली. दोन्हीकडून खट्‌ झालं. प्लग लावला, बटण दाबलं. या वेळी एकच पीं, आणि पडदा उजळला.

"आई, लागला हो!" तिला रडूच फुटलं. सासूबाईंनी डाव्या हातानं तिचा गाल कुरवाळला, आणि तोच हात कीबोर्डकडे नेला.

"आत्ता नको, आई. संध्याकाळी सगळ्यांसमोर लिहा. मागून कुणी म्हणायला नको, हिनंच लिहून घेतलं म्हणून."

संध्याकाळी नणंद आली ती हाताची घडी घालूनच. मागून नवरा आला. उजळलेला पडदा बघून दारातच थबकला. चेहरा पांढराफटक.

"आईला दमवू नका," तो प्लगकडे वळला.

"थांब दादा," नणंद आडवी आली. "होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

बायकोवर संशय घेतला म्हणून ओशाळलाय बिचारा, सुनेला वाटलं. तिला त्याची दयाच आली. तिनं सासूबाईंच्या पाठीशी उशी लावली, कीबोर्ड मांडीवर ठेवला. "लिहा, आई. कशा पडलात ते लिहा."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोट एकेक अक्षर शोधू लागलं. नणंद मोठ्यानं वाचत गेली.

"हिनं... ढकललं."

"आई!" सून किंचाळली. "अहो, काय लिहिताय हे?"

नणंदेनं पर्समधून मोबाईल काढला. सासूबाईंचं बोट अजून चाललंच होतं.

"बाळा, तू घरात नव्हतासच."