बोराएवढी अक्षरं

“जोरात वाच वं रोशनी! एक अक्षर चुकलं तरी मले समजते.” हातमागाचा खटका न थांबवता बाबा दरडावत, अन् त्या धाकानंच रोशनी शिकली.

आता उमरेडचा माग सोडून बाबा तिच्याकडे नागपूरला आले होते. त्यांच्या फोनवर नोटिफिकेशन झळकलं की शेजाऱ्याला म्हणत, “चष्मा घरी राह्यला गा, जरा वाचून दे.” म्हणून तिनं फोनवरची अक्षरं चांगली बोराएवढी करून दिली.

दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, “पयल्यासारखी बारीक कर.”

“काहून बाबा? आता त चष्मा नसला तरी दिसतात!”

बाबांची नजर पायाच्या अंगठ्यावर खिळली.



“म्हणूनच वं. आता लोकायले कोणतं निमित्त सांगू? मले वाचताच येत नाही, पोरी.”