एकटीला ठेवायचं नाही

“आधी छातीखाली हात घालायचा, मग दुसऱ्या हातानं मागून आधार द्यायचा. एका हातानं उचलायचंच नाही,” फोनवरून पोरगी सांगत होती.

आईनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. तिनं दोन्ही हात पिंजऱ्यात घातले, तशी ढब्बी बोटांमधून सुळकन निसटली आणि खोक्यात जाऊन दडली.

“पळाली गं!”

“पळू दे. लपायला जागा लागतेच त्यांना. फार भित्र्या असतात.”

“मी काय खाणारे तिला?”

पोरगी हसली. तिचा आवाज ऐकून ढब्बी पुन्हा बाहेर आली आणि ती नि चिंगी, दोघी गिनीपिग, तोंडं वर करून शिट्ट्या मारायला लागल्या. आईनं फोन पिंजऱ्याजवळ नेला. “ऐक. तुला बरोब्बर ओळखतात. मी दिवसभर राबते, मला मेल्या विचारतसुद्धा नाहीत.”

बाबांनी पेपरची घडी घातली आणि ते गॅलरीत निघून गेले. हा फोन आला की ते असेच उठत. लेक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण आता घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

आईनं तरी काय कमी केलं होतं? शिकायला परगावी राहिलेल्या लेकीनं कुणाला न विचारता ही जोडी विकत घेतली, तेव्हा आई फोनवर कडाडली होती, “असली उंदरं घेऊन माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही!” त्यानंतर लेकीनं फोनच केला नाही.

मग एक दिवस बाबा गाडी घेऊन गेले आणि पिंजरा घेऊन परत आले. उंदरं दारात आली. तेवढीच आली.

पहिले काही दिवस आई पिंजऱ्याकडे नुसती बघत बसायची. मग पोरीला फोन करकरून एकेक गोष्ट शिकत गेली. वाळलेलं गवत कधी संपू द्यायचं नाही, कारण यांचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्यायचा, कारण ‘क’ जीवनसत्त्व यांच्या अंगात तयार होत नाही. खालचं ओलं कापड वेळच्या वेळी बदलायचं.

“आणि एकटीला ठेवायचं नाही,” पोरगी म्हणाली होती. “सोबत नसली की झुरतात.”

आईनं दोघींच्या मध्ये मूठभर गवत टाकलं.

एका सकाळी ढब्बी कोपऱ्यात पाठ करून बसली. मिरचीला तिनं तोंड लावलं नाही. नसेल भूक, असं म्हणून आईनं सोडून दिलं. दुपारीही मिरची तशीच. आईनं फोन लावला.

“लेंड्या टाकल्यात का?”

“नाही दिसत.”

“मग उद्यावर ढकलायचं नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टर. खाणं थांबलं की यांचं पोटच बंद पडतं. प्लीज. तिला काही व्हायला नको.”

आई गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली. “अहो, चला. हिला काही झालं तर लेकीला काय तोंड दाखवू मी?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडीची किल्ली उचलली. वाटेत कुठं गाडी थांबली की ते वळून आईच्या मांडीवरच्या खोक्यात डोकावत होते.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ढब्बीचं तोंड उघडून पाहिलं. “मागचे दात वाढलेत. गवत कमी पडतंय. गाजर, सफरचंद फार देता का?”

आईनं मान खाली घातली. गोड दिलं की त्या जवळ यायच्या, म्हणून ती देत गेली होती.

“लाड करा हो, पण गवतानं पोट भरल्यावर,” बाई म्हणाल्या. त्यांनी दात घासून कमी केले आणि पाण्यात कालवून भरवायची पूड दिली.

घरी आल्यावर बाबांनी ढब्बीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. आई बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब भरवायला लागली. पहिला घास बाहेर आला. दुसराही.

“घे गं बाई, घे,” बाबा तिच्या कानाशी पुटपुटत होते. “एवढं ऐक माझं.”

कितीतरी वेळानं तिचा जबडा हलला. संध्याकाळी तिनं आपणहून गवताची एक काडी ओढली आणि कुरतडायला घेतली. बाबा जमिनीवरच बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

“फोन लाव,” ते म्हणाले. “खाल्लं म्हणून सांग तिला.”

आईनं फोन लावून त्यांच्याच हातात दिला.

“खाल्लं तिनं,” बाबा म्हणाले. “पोरी, रागावलो नव्हतो गं मी तुझ्यावर. तुझा आवाज ऐकवत नव्हता. एकदा घरी ये.”

पलीकडून हुंदका आला. “रविवारी येते.”

रविवारी आईनं लेकीची बंद खोली उघडली. पलंगावर नवी चादर घातली. लेकीला आवडायचं ते सगळं रांधलं. बाबा सकाळपासून खिडकी आणि दार यांच्यात येरझाऱ्या घालत होते.

बेल वाजली. दोघंही दाराकडे धावले.

पोरगी बाहेरच थांबली होती. रडून रडून डोळे सुजलेले, दोन्ही हातांत एक भली मोठी बॅग. आईनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, पण तिचा पाय आत पडेना.

“काकू,” ती म्हणाली, “आमच्या खोलीवर उरलेले तिचे कपडे आणलेत. मुद्दाम धुतले नाहीत मी. तिचा वास आहे अजून.”