बोक्याचं पिल्लू

"डॉक्टर, आज तेवढं खोटं बोला," सासूबाई म्हणाल्या. सून बाहेर बोक्याला वजनाच्या काट्यावर उभं करत होती, तेवढ्यात उरकायचं होतं. "बोक्या बरा झालाय, पिल्लं होतील, एवढंच सांगा."

बोक्या म्हणजे त्यांचा कुत्रा. नाव मुलानं ठेवलेलं. त्याला असलेच उलटे विनोद सुचायचे. त्यानंच कुत्र्याच्या कातडीखाली पिल्लं होऊ न देणारी तांदळाएवढी गोळी बसवून घेतली होती. ऑपरेशन नको, गोळीचा असर वर्षभरात ओसरतो, मग हवी तेव्हा पिल्लं, असं त्याचं गणित. असर ओसरायच्या आधी मुलगाच गेला. गाडीला मागून दुसऱ्या गाडीनं ठोकलं, एवढंच निमित्त.

मागे राहिल्या सासू-सून आणि बोक्या. काही महिन्यांनी सुनेच्या माहेरच्यांनी स्थळ आणलं. माणूस भला होता, थांबायला तयार होता. सून म्हणाली, "बोक्या माझ्याशिवाय राहायचा नाही, त्याला मी नेणार. पण आधी त्याचं पिल्लू आईंजवळ ठेवते. त्यांना एकटं टाकून मी जायची नाही."

तेव्हापासून दर महिन्याला तपासणी. बोक्याचा थेंब घ्यायचा आणि बीज परतलंय का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सून त्याला धरायला आत जायची, सासूबाई बाहेर बाकावर बसायच्या. दर वेळी डॉक्टर दारात येऊन एकच सांगायचे, "अजून नाही."

सासूबाईंना नवल वाटायचं. बोक्या तर खांबाखांबाशी तंगडी वर करू लागला होता, समोरच्या घरातल्या कुत्रीपायी जेवण सोडून बसत होता. डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, हे चाळे आधी परततात, बीज मागाहून." म्हणजे सगळं घोडं त्या थेंबापाशी येऊन पेंड खात होतं.

पण पोरीचं वय कोणासाठी थांबणार? संध्याकाळी कामावरून येऊन ती सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि हसून म्हणायची, "बोक्या काही मला जाऊ देत नाही." सासूबाईंना त्या हसण्यामागे रडू ऐकू यायचं. आपण तिच्या गळ्यातली धोंड झालोय, या विचारानं त्यांचा जीव तुटायचा. ती गेली की घर खायला उठेल, हेही त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मन घट्ट केलं होतं. एकदा लग्न ठरलं की पिल्लू झालं काय, न झालं काय.

सासूबाईंचं मागणं ऐकून डॉक्टर बराच वेळ हातमोजे चढवत राहिले. "तुमचं दोघींचं बोलणं झालंय ना?"

"झालंय," सासूबाई म्हणाल्या. झालं नव्हतं.

तपासणी आटोपून डॉक्टर दारात आले आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "बोक्या पूर्ववत झालाय. जोडी शोधा."

सून पट्टा अडकवायला खाली वाकली. कडी काही लागेना. "बरं झालं," ती खालूनच म्हणाली.

"बरं झालं," सासूबाईही म्हणाल्या. घरी जाताना बोक्याच काय तो मजेत होता.

समोरच्या कुत्रीशीच जमवलं. यातून काही निघायचं नाही, हे सासूबाई धरूनच चालल्या होत्या. पण लग्नाची तारीख ठरली आणि इकडे कुत्रीचं पोटही दिसू लागलं. खोट्याचंसुद्धा देवानं खरं केलं, त्या मनाशी म्हणाल्या.

पिल्लू आईचं दूध सोडून खायला लागलं तेव्हा सून निघाली. बोक्याला गाडीत चढवून ती परत आत आली, पिल्लू सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांना मिठी मारली, ती सोडेचना.

"आई, जाऊ ना मी?"

"जा गं. किती दिवस या म्हातारीचं करत बसशील?" सासूबाईंनी हसून दाखवलं. गाडी वळल्यावर त्या दार धरून रडल्या.

पिल्लाला पहिली लस टोचायला त्या एकट्याच आल्या. "डॉक्टर, मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं. राग नाही ना?"

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. "त्या दिवशी मी खरंच सांगितलं, मावशी. बोक्या कितीतरी आधीच बरा झाला होता."

"मग दर महिन्याला 'अजून नाही' का म्हणत होता?"

"सूनबाईंनी हात जोडले होते. म्हणाल्या, 'तुम्ही हो म्हणालात की मला जावं लागेल, आणि मला आईंजवळच राहायचंय.'"