नावानिशी गाऱ्हाणं

लॅपटॉपसमोर शेंडीचा नारळ ठेवून झाला, तरी गुरुदासकाका गाऱ्हाणं सुरू करेना.

"मशीन खंय आसा?" त्याने विचारलं.

"पुण्यात," सर्वेश म्हणाला.

"आणि नारळ हंय?"

पडवीत जमलेली माणसं हसली. सर्वेशने मग काकाला स्क्रीनवरची काळी खिडकी दाखवली. अक्षरं इथे टाईप करायची, आणि पुण्यातल्या तळघरात एका दावणीला बांधलेली शेकडो मशीनं ती वाचून गणितं करत बसतात. "तुझा तरी काय येगळा?" तो म्हणाला. "तू हंयसून बोलतंस, देव गाभाऱ्यात आयकता." हे मात्र काकाला पटलं.

गुरुदासकाका हा वाडीतला गाऱ्हाण्याचा मानकरी, सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मांडणारा. त्याच्या गाऱ्हाण्याने वांझ माड धरल्याचे आणि बुडालेली होडी आपल्या पायांनी किनाऱ्याला आल्याचे साक्षीदार कुणकेश्वरात आजही भेटतात. फक्त त्यांतल्या कुणी ते डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. सर्वेशचा असल्या गोष्टींवर कवडीचा विश्वास नव्हता. पण आज त्याला गाऱ्हाणं हवं होतं.

पुण्यात ज्या सरांच्या हाताखाली तो काम करी, त्यांच्याकडे कायमची जागा एकच होती, आणि उमेदवार दोन, तो आणि त्याच्या बरोबरीची संचिता. समुद्र किनारा किती खाईल, याचं गणित सोमवारी जो पुरं करून दाखवील, जागा त्याची. मशीनवर दोघांना मिळून खातं एकच दिलेलं, आणि त्या खात्यावर एका वेळी एकच गणित चाले. संचिताचं पंधरवडाभर चाललेलं आज संध्याकाळी संपणार होतं. सर्वेशचं तिच्या मागे ताटकळत उभं; ते आत्ता सुरू झालं तरच सोमवारला पुरं होणार. तिचं बंद करायची आज्ञा त्याने कालच लिहून ठेवली होती. एक एंटर दाबायचा होता. खातं एकच, तेव्हा कुणाचं बोट हे देवालाही कळलं नसतं. तरी ते बोट कालपासून तिथवर जाई आणि चटका बसल्यासारखं मागे येई.

"काका, तिचा नाव घेवन सांग," तो म्हणाला.

काकाचा चेहरा उतरला. "नाव घेवन वायट मागूचा नसता रे. माझ्या बापाशीन कधी मागूक नाय."

"वायट खंय मागतंय? जरा थांब म्हणान सांग. थंय हजार माणसांची कामा चलतत. देवाक पत्तो नको?"

शेजारचा बाबली म्हणाला की पोराचं आयुष्य आहे, काकाने एवढं ताणू नये. इतरांनीही माना हलवल्या. काकाने शेवटी डोळे मिटले, हात जोडले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"बा देवा कुणकेश्वरा, आज ह्या तुझा लेकरू पुण्याच्या मशीनीर काम करता..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या कामाक यश दी..."

"व्हय म्हाराजा!"

काका अडखळला. मग म्हणाला, "आणि संचिता म्हणान जी कोण आसा, तिचा काम थंयच्या थंय थांबव..."

"व्हय म्हाराजा!" पडवी गरजली, आणि त्या गजरात सर्वेशचं बोट खाली गेलं. मुळीच जड गेलं नाही.

खोबरं वाटून व्हायच्या आत फोन आला. सर्वेशचे हात खोबऱ्याने भरलेले, म्हणून बाबलीने स्पीकर लावून दिला. संचिता होती. तिचं गणित मध्येच मेलं होतं. मधले आकडे तिने साठवलेच नव्हते. आकडे साठवायची जागाही दोघांत मिळून एकच, आणि सर्वेशच्या गणिताचे आकडे जास्त, म्हणून ती तिने त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. आता सोमवारपर्यंत काही होणं नव्हतं. "तुला तिकडून काही दिसतंय का रे?" तिने विचारलं, आणि ती रडायला लागली.

पडवीतल्या माणसांनी तोंडाकडे नेलेलं खोबरं खाली ठेवलं. बाबली काकाकडे बघत दोन पावलं मागे सरला. स्क्रीनवर सर्वेशच्या गणितापुढे 'चालू' असं उमटलं होतं.

गुरुदासकाकाने फोन उचलून दोन्ही हातांत धरला.

"बाय, रडा नको. मी सर्वेशचो काका. तुझा काम मिया बंद पाडलंय. तुझा नाव घेतलंय गो मिया. खंयची कोणाची पोर तू, आणि मिया..."

सर्वेशने त्याच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावत तो शुद्ध मराठीत म्हणाला,

"आमचे काका गं. वय झालंय, काहीही बोलतात. तू मनावर घेऊ नकोस."