साबणाच्या डबीतली बॅटरी

२०१७ सालचा नोव्हेंबर होता. सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या फ्लॅटच्या दारात यशोधन बूट काढायला वाकला आणि त्याच्या पँटचा उजवा खिसा एकाएकी तापला. त्यानं घाईघाईनं खिसा उलटा केला. किल्ल्यांचा जुडगा खाली पडला आणि पाठोपाठ बोटाएवढी एक जाड बॅटरी. मांडीला चांगलाच चटका बसला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई पाहत होत्या. कराडहून येऊन त्यांना चारच दिवस झाले होते.

"कशाची म्हणायची ही?"

थाप मारायला सुचलं नाही. "वेपची, आई. सिगारेटच्या जागी ओढायचं यंत्र."

ऑफिसातला वरुण नोकरी सोडून पुण्याला परतला, तेव्हा त्यानं ते यंत्र आणि दोन बॅटऱ्या यशोधनला देऊन टाकल्या होत्या. राधिकाला वाटत होतं, नवऱ्यानं सिगारेटबरोबर सगळंच सोडलं. आणि एक फेब्रुवारीपासून वेप नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरणार होता. नोकरीच्या परवान्यावर, एम्प्लॉयमेंट पासवर, राहणाऱ्याला असला डाग परवडणारा नव्हता. हातात अडीच महिने होते, आणि यशोधनला वेपशिवाय अडीच तास निघत नव्हते.

"राधीला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग माझ्याकडून कळायचं नाही." त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी तीस वर्षं मशेरी लावली, यशोधनराव. सोडून दहा वर्षं झाली. सुटते."

"कशी सोडली?"

"एकदम नाही. चिमूट बारीक करत गेले. तुमच्या यंत्रात बारीक करायची सोय आहे का?"

होती. बुडाशी एक चकती होती. ती फिरवली की व्होल्टेज कमीजास्त व्हायचं आणि धूरही. नव्या मालकांसाठी इंटरनेटवर सूचना होत्या, त्या सासूबाईंनी त्याला मराठीत वाचून दाखवायला लावल्या. सुरुवात कमी आकड्यापासून करावी. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नये.

"हे आधी वाचायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "पुढे?"

चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये. वरचं आवरण फाटलेली बॅटरी वापरू नये.

त्याच दिवशी दोन्ही बॅटऱ्या सासूबाईंच्या ताब्यात गेल्या. त्यांनी प्रवासातली साबणाची डबी धुऊन पुसून त्यात त्या ठेवल्या. चार्जिंग त्यांच्या डोळ्यांदेखत, फरशीवर. रोज एकच बॅटरी मिळायची, तीही राधिका बँकेत कामाला गेल्यावर. दर सोमवारी चकती थोडी खाली यायची. साडेचार, सव्वाचार, चार.

"आजचा आकडा?" त्या विचारायच्या.

"चार."

"शहाणे आहात."

डिसेंबरचा दुसरा आठवडा वाईट गेला. यशोधन घरून काम करत होता आणि कीबोर्डवर बोटं आपटत होता. सासूबाईंचंही बिनसलं होतं. वरणात मीठ दोनदा पडलं. कपाळाला फडकं बांधून त्या खिडकीशी उभ्या राहायच्या, तोंडात सतत लवंग. एसी सोसत नाही, म्हणायच्या. सकाळी न्हाणीघरात मंजनाचा डबा घेऊन जायच्या त्या अर्धा अर्धा तास बाहेर येत नसत. टूथपेस्टनं त्यांना दात घासल्यासारखं वाटत नसे. राधिका एकदा तो डबा पुसायला गेली, तर केवढ्यानं खेकसल्या. आपल्या व्यसनाच्या काळजीनं बाईंची झोप उडाली आहे, असं वाटून यशोधन ओशाळला.

एका दुपारी त्याचा धीर सुटला. "आई, दुसरी बॅटरी द्या. आजच्या दिवस."

सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली. तोंडातली लवंग दुसऱ्या गालात सरकवली.

"आजचा दिवस काढा," त्या म्हणाल्या. "मी काढते, तुम्हीही काढा."

"तुम्हाला काय काढायचंय?"

"उद्याचं उद्या बघू. लवंग घ्या."

त्यानं घेतली. तो दिवस निघाला, मग दुसराही. नाताळात चकती साडेतीनवर आली. जानेवारीच्या मध्याला तीनवर, आणि मग एक बॅटरी दोन दिवस पुरायला लागली. शेवटचे नऊ दिवस साबणाची डबी उघडलीच नाही.

एकतीस जानेवारीला दोघांनी बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली; तशी सूचनाच होती. जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या पेटीत तो त्या टाकून आला. कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या नळाची झडप स्वयंपाकघरात होती, तिच्यातून रिकामं यंत्र खाली सोडलं. ते सात मजले आपटत गेलेलं दोघांनी ऐकलं. मग सासूबाईंनी आपला मंजनाचा डबाही त्याच झडपेत टाकला.

"संपलं?"

"संपलं."

"नवीन आणू का?"

"नको. आता चालेल मला तुमची पेस्ट."

त्यानं वाकून नमस्कार केला. एरवी तो सणावारीच करायचा. "तुम्ही नसता तर जमलं नसतं," तो म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे यशोधन आणि राधिका पर्मनंट रेसिडेंट झाले, क्वीन्सटाउनला मोठ्या फ्लॅटमध्ये गेले. राधिकाला यातलं काही कधीच कळलं नाही. वरुणनं पुण्यात दुकान टाकलं आणि पुन्हा सिगारेटवर आला. सासूबाई २०२३ च्या उन्हाळ्यात कराडला वारल्या, झोपेतच.

तेराव्याला मागच्या पडवीत राधिकाच्या मामीजवळ यशोधन बसला होता. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं त्यानं मामीला सांगून टाकलं. आईंनी सिंगापूरला येण्याच्या दहा वर्षं आधी मशेरी सोडलेली, म्हणून मलाही वेप सोडता आला, असं म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मामी त्याच्याकडे वळल्या.

"दहा वर्षं आधी? वन्सं सिंगापूरला निघाल्या तेव्हा मीच भाजून, कुटून, मंजनाच्या डब्यात दाबून भरून दिली होती. परत आल्या तेव्हा ताजी पुडी पुढे केली, तर हात लावीनात. म्हणाल्या, जावयानं सोडवली."